कोर्टावरचं पारणं

दीपचंद सेठ बसला तरी त्याचा एक पाय चालतच असे. पेढीच्या गादीवर सरकीचा भाव बोलताना गुडघा हलायचा, जेवताना हलायचा, आणि जैनांच्या स्थानकात डोळे मिटून सामायिकाला, म्हणजे घटकाभर ध्यानाला बसला तर शेजारच्याच्या आसनाला हिसके बसायचे. जालन्याच्या बाजारात त्याच्याइतका कापूस ओळखणारी माणसं होती दोन-चार, पण त्याच्याइतकं अस्वस्थ माणूस दुसरं नव्हतं. ह्या सगळ्याचं खापर त्याची बायको भंवरीबाई एकाच गोष्टीवर फोडायची. ती गोष्ट म्हणजे टेनिस.

हा नाद त्याला हैदराबादेत लागला. शिकायला म्हणून गेला तो शिकला थोडं आणि खेळला फार. पोलीस अ‍ॅक्शननंतर जालन्यात येऊन बघतो तर जुन्या अंमलदारांच्या क्लबाचं मैदान ओस पडलेलं, त्यावर शेळ्या चरतायत. दीपचंदनं ते हाती घेतलं. दगड वेचले, मुरूम आणून अंथरला, चुन्याच्या रेघा मारल्या. एवढ्यावर भागलं असतं, पण स्वस्थ बसेल तर तो दीपचंद कसला. नुसतं कोर्ट काय करायचं, स्टेडियमच करू, म्हणून तो गावातल्या जिनिंगवाल्यांच्या हात धुऊन मागे लागला आणि तिन्ही बाजूंनी दगडी पायऱ्या बांधून घेतल्या. टेनिसचं एवढं मोठं स्टेडियम अख्ख्या मुलखात नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. खरंही असेल. मुलखात टेनिस खेळणारेच असे किती होते?

पण बसायला पायऱ्या झाल्या की गाव थोडंच टेनिसची वाट बघत राहणार. त्या मैदानात कुस्त्यांचा फड झाला, कव्वाल्या झाल्या, कीर्तनाचा सप्ताह झाला, इलेक्शनच्या सभा झाल्या, बैलांचं प्रदर्शनही झालं. एका नाटक कंपनीनं तर रंगमंचाचे खांब बरोबर नेटच्या जागी पुरले, तेव्हा दीपचंदच्या घशाखाली घास उतरेना. कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण पायऱ्यांचा दगड गावाच्या वर्गणीचा होता. प्रत्येक कार्यक्रमानंतर तो आणि मैदान राखणारा पुंजाराम मिळून खड्डे बुजवायचे, पाणी मारायचे, दगडी रूळ फिरवायचे. गवताचं एखादं पातं दिसलं तर सेठ स्वतः उकिडवा बसून उपटायचा. चतुर्दशीला हिरवी भाजी ताटात न घेणारा हा जैन माणूस कोर्टावरचं गवत दात-ओठ खाऊन उपटतो, ह्याची गावात चेष्टा होत असे.

चेष्टेला दुसरा विषय होता कपाचा. दर उन्हाळ्यात स्टेडियमात सामने भरायचे. औरंगाबाद, परभणी, नांदेडहून खेळाडू यायचे आणि दीपचंदच्या वडिलांच्या नावाचा चांदीचा कप उचलून घेऊन जायचे. दीपचंद दोनदा फायनलला पोचला आणि दोन्ही वेळा हरला. बापाच्या नावाचा कप पोराला काही हाताळायला मिळत नाही, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत आणि तो हसून दाखवत असे. घरी गेल्यावर मात्र त्याचं ते हसू मावळायचं.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात तो चाळिशी ओलांडून बसला होता. उजवा गुडघा सुजायला लागला होता. गिरिधर वकील, म्हणजे क्लबाचे अध्यक्ष आणि सामन्याचे पंच, त्याचे जुने दोस्त. त्यांना त्यानं सांगून टाकलं की हे शेवटचं वर्ष. कप घरात आला तर आला, नाहीतर पुढच्या साली रॅकेट माळ्यावर. आणि नवल असं की यंदा तो खरोखरच चांगला खेळत होता. एकेकाला गारद करत फायनलला आला. समोर होता औरंगाबादचा मार्तंड, बांधकाम खात्यातला तरुण इंजिनियर, उंच, शांत, वागायला इतका सालस की त्याचा रागही धड करता येऊ नये.

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी बदनापूरच्या बाजूनं काळं आभाळ आलं आणि बोराएवढ्या गारा पडल्या. कोर्टाचा चिखल झाला. मुरूम वाळून खेळण्याजोगा व्हायला सोमवार उजाडणार होता. मार्तंडची नागपूरला बदली झालेली, सोमवारी रात्रीच्या गाडीनं त्याला निघायचं होतं. म्हणजे सोमवारची संध्याकाळ, नाहीतर काहीच नाही. गिरिधर वकिलांनी सोमवार ठरवला आणि दीपचंदनं कपाळाला हात लावला, कारण सोमवारी अक्षयतृतीया होती, आणि अक्षयतृतीयेला स्टेडियम त्यानं स्वतःच्या तोंडानं दुसऱ्यांना देऊन ठेवलं होतं.

दिलं होतं ते वर्षीतपाच्या पारण्याला. गावातल्या बऱ्याच जैन बायांनी त्या साली वर्षीतप धरलं होतं. एक दिवस निराहार, नुसतं उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी जेवण. तिसऱ्या दिवशी पुन्हा उपास. असं वर्षभर चालवायचं आणि अक्षयतृतीयेला उसाच्या रसानं सोडायचं. ह्या बायांत भंवरीबाई होती. हिवाळ्यात जैन संघाचे हस्तीमलजी पेढीवर येऊन म्हणाले होते की पारण्याला महासतीजी येणार, साध्वींना हिरवळीवर पाय ठेवता येत नाही, आणि सगळ्या जालन्यात गवताचं पातं नसलेलं मोठं मैदान एकच आहे. ते ऐकून दीपचंदची छाती फुगली होती. आपण उपटलेल्या गवताचं कुणीतरी चीज केलं, असं वाटून त्यानं हो म्हणून टाकलं होतं.

आता तो धावत हस्तीमलजींकडे गेला. हस्तीमलजींनी शांतपणे सांगितलं की तिथी काही कुणाच्या खेळासाठी पुढं सरकत नाही, पण पारणं सकाळी आटोपेल, दुपारी मैदान मोकळं, संध्याकाळी खुशाल खेळा. खांब पुरणार नाही, कापड पायऱ्यांना दोरीनं बांधू, असंही कबूल केलं. ह्याहून जास्त कुणी काय द्यायचं? तरी दीपचंदला चैन पडेना. रविवारी तो चार वेळा मैदानावर जाऊन आला. टाच दाबून बघे, मूठभर मुरूम उचलून चुरून बघे, पुंजारामला रूळ फिरवायला लावे, आणि आभाळाकडे बघे.

भंवरीबाईकडे त्यानं वर्षभरात कितपत बघितलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तिच्या बांगड्या मनगटावरून सुटून कोपरापर्यंत यायला लागल्या होत्या. उपासाच्या दिवशीही ती त्याला गरम फुलके वाढायची आणि समोर बसून वारा घालायची. तू हे तप का धरलंस, असं त्यानं एकदाच विचारलं होतं, आणि असंच, मनात आलं, असं ती म्हणाली होती. त्यानं पुढं विचारलं नाही. रविवारी दिवेलागणीला तिनं त्याच्याजवळ एकच मागणं केलं. त्यांना मुलगा नव्हता, मुलगी नगरला दिलेली, बाळंतपणाला टेकलेली. तेव्हा उद्याचा रस त्यानं स्वतःच्या हातानं द्यावा. त्यात काय विचारायचं, असं दीपचंद म्हणाला, पण तेव्हाही त्याचं डोकं कोर्टाच्या उत्तरेकडच्या ओल्या कोपऱ्यात होतं.

सोमवारी सकाळी स्टेडियम चुनड्यांनी लाल-पिवळं झालं. पायऱ्यांच्या मागे चरक लावला होता, वडीगोद्रीकडून उसाची गाडी आली होती, आणि छोट्या छोट्या मातीच्या घड्यांतून रस पुढं येत होता. तप केलेल्या बाया ओळीनं पाटांवर बसल्या. महासतीजींनी मंगलपाठ म्हटला. मग एकेकीच्या घरचं माणूस पुढं होऊन तिच्या ओंजळीत रस ओतू लागलं. बाया गात होत्या, म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या.

दीपचंद धोतर-टोपीत भंवरीबाईसमोर वाकला. तिनं ओंजळ केली. हात बारीक झालेले, बोटांच्या फटी मोठ्या दिसत होत्या. तो घडा कलंडवणार तोच मागे चाकाचा आवाज झाला. कुणीतरी उसाची रिकामी गाडी आडवाट सोडून थेट बेसलाइनवरून चालवली होती. दीपचंदची मान वळली. घडा हातात तसाच कलला. रस ओंजळीत थोडा पडला आणि तिच्या मनगटावरून, कोपरावरून, पदरावरून खाली जमिनीवर जास्त गेला. आजूबाजूच्या बाया हसल्या. सेठ, इकडं बघा, असं कुणीतरी म्हणालं. भंवरीबाईनं उरलेला रस प्यायला आणि ओली बोटं पदराला पुसली. तो कुठं बघत होता ते तिनं बघितलं होतं.

बरं, सांडला तो काही एकट्या दीपचंदच्या हातून सांडला नाही. अशा सोहळ्यात रस सांडतोच. घडे लवंडले, लेकरांनी पेले उलटे केले, पाया पडण्याच्या गर्दीत एक अख्खं पिंप आडवं झालं. ऊन वर यायच्या आत कापड सोडलं, पाट उचलले, चिपाडं गोळा झाली, आणि हस्तीमलजींनी शब्द दिल्याप्रमाणे मैदान मोकळं करून दिलं.

दुपारी पुंजाराम पेढीवर आला तो दारातूनच म्हणाला, "सेठ, मैदान बघा येऊन जल्दी. चालायला लागलंय ते."

दीपचंद अनवाणीच निघाला. पुंजारामचं काही चुकलं नव्हतं. गारांच्या ओलीनं आधीच जमिनीतून वर आलेल्या मुंग्यांना रसाचा वास लागला होता. कोर्टाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल मुंग्यांचे पट्टे सरकत होते, आणि जिथं रस जास्त मुरला होता तिथं जमीन दिसतच नव्हती. दीपचंदनं एक पाऊल पुढं टाकलं आणि परत घेतलं.

चार वाजल्यापासून माणसं जमायला लागली. सकाळचीच निम्मी माणसं, आता टेनिस बघायला. मार्तंड पांढरे कपडे घालून आला आणि रेघेबाहेर थांबला. गिरिधर वकिलांनी घड्याळ बघितलं. त्यांचा रोख सरळ होता. पाण्याच्या चार बादल्या मारा, रूळ फिरवा, अर्ध्या तासात काम होतं. कुणीतरी रॉकेल सुचवलं. पुंजाराम रुळाच्या दांडीला हात घालून उभा होता आणि दांडी काही उचलत नव्हता, कारण वरच्या पायरीवर हस्तीमलजी बसले होते. सगळ्या स्टेडियमचे डोळे दीपचंदवर होते.

पाण्यातल्या सूक्ष्म जीवाचासुद्धा विचार करून पाणी गाळून पिणाऱ्या घरात तो जन्मला होता. सकाळी ह्याच जमिनीवर बायांनी वर्षाचं तप सोडलं होतं, आणि संध्याकाळी तिथंच मुंग्यांवरून रूळ? गावानं जन्मभर तोंडावर मारलं असतं. हे सगळं त्याला कळत होतं. आणि तरीही त्याला दिसत होती फक्त ती रात्रीची गाडी, त्यात बसून जाणारा मार्तंड, आणि माळ्यावर पडलेली रॅकेट. फिरव, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं. आपण काय बोलणार होतो ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते पुढं त्याला विसरता आलं नाही.

तेवढ्यात पायऱ्यांच्या मागून भंवरीबाई आली. एकटी नाही, स्थानकातल्या वीस-पंचवीस बायांना घेऊन आली. प्रत्येकीच्या हातात पुंजणी होती, सामायिकाला बसण्याआधी जागा हळुवार झाडायला वापरतात तो लोकरीचा मऊ कुंचा. कुणी सुपं आणली होती. एकीनं साखर घातलेलं पीठ आणलं होतं, ते तिनं कोर्टाच्या कडेपासून बाहेरच्या लिंबाखालपर्यंत सोडत नेलं. बाया ओळीनं खाली बसल्या आणि मुंग्या सुपांत झाडून घेऊन लिंबाखाली नेऊन सोडू लागल्या. पायऱ्यांवरून आधी हसू आलं, मग ते थांबलं. मार्तंडनं पँट दुमडली, गिरिधर वकिलांच्या हातातलं वर्तमानपत्र मागून घेतलं आणि तोही खाली बसला. मग वकिलांनाही उभं राहणं बरं दिसेना.

दीपचंद भंवरीबाईशेजारी बेसलाइनवर टेकला. ह्याच जागी सकाळी त्याच्या हातून रस सांडला होता. ती भराभर काम करत होती, पण मधूनच हात जमिनीला टेकून श्वास घेत होती. तू घरी जा, असं तो म्हणाला. तिनं ऐकलं नाही. घरी ती दोघं मारवाडीत बोलत, पण चार लोकांत बाजाराचीच मराठी चाले. तीच तिच्या तोंडून हळूच बाहेर पडली.

"एक सांगायचं होतं. मी नियाणा केलाय."

दीपचंदचा हात थांबला. तप करताना बदल्यात काही मागायचं नसतं, हे त्यांच्यात लेकराला सुद्धा शिकवतात. तप करून संसारातलं काही मागितलं की तो नियाणा. तप मातीमोल होतं आणि हातात राहते ती नुसती मागितलेली वस्तू. असं कुणी केलं असेल तर ते कबूल करायलाही माणूस धजत नाही.

"काय मागितलं तू?"

"तुम्ही जिंकावं म्हणून." ती मान वर न करता बोलत होती. "गेल्या साली तुम्ही हरून आल्ते, अन् किती दिवस तुमच्या जिवाला थारा नव्हता. जेवताना चित्त न्हाई, झोपेत बडबड. मला वाटलं, एकदा जिंकले की घर दिसंल ह्यांना. म्हणून तप धरलं. महासतीजींम्होरं सांगायला तोंड झालं न्हाई. आता तुम्ही जिंकले की माझं सारं तप त्यातच गेलं समजा. सकाळपासून जीव नुसता धडधडून राह्यला."

मग सांगितलंस तरी कशाला, असं त्याला म्हणायचं होतं. तू वर सावलीत जाऊन बस, एवढंच म्हणाला, आणि सुपातल्या मुंग्या घेऊन लिंबाकडे निघाला.

त्या चालण्यात त्यानं हिशोब घातला, कारण जन्माचा व्यापारी. माल हाती आलाच नाही तर सौदा पुरा झाला असं कोण म्हणेल? तो हरला तर तिला मागितलेलं मिळालं नाही, आणि मिळालं नाही तर तप तिच्या पदरी शाबूत. शास्त्रात हे बसतं की नाही कोण जाणे. त्याला ते चोख वाटलं. वर्षभर जिनं आपल्यापायी पोट मारलं तिच्यासाठी आपण एक कप सोडू शकत नाही? सोडायचा. ठरलं. आणि ठरल्याबरोबर त्याला इतकं मोकळं वाटलं की सूप झटकताना त्यानं पुंजारामची थट्टासुद्धा केली.

सामना सुरू झाला तेव्हा उन्हं कलली होती. भंवरीबाई मधल्या पायरीवर डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याचा खेळ बघायला आली होती. पहिला सेट दीपचंदनं सोडून दिला. उघड दिसणार नाही इतपत बेतानं दिला. पोचण्यासारख्या चेंडूला पोचायला एक पाऊल उशीर करायचा, जोरकस सर्व्हिस नेटमध्ये घालायची. पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली की सेठ सकाळच्या धावपळीनं दमलाय. त्याला लाज वाटत होती आणि लाजेखाली बरंही वाटत होतं.

दुसऱ्या सेटला मार्तंडनं घोळ केला. पोरगा सालस, त्याला वाटलं की सेठचा गुडघा दुखतोय. त्यानं चेंडू सोपे, हळू, त्याच्या हाताशी द्यायला सुरुवात केली. स्वतःचा एक चेंडू तर रेघेवर पडलेला असताना त्यानं आपणहून बाहेर म्हणून दीपचंदला गुण देऊन टाकला. दीपचंदची कानशिलं तापली. ह्यानं मला दान द्यावं? माझ्या स्टेडियमात? त्या क्षणापासून त्याला मुंग्या दिसेनात, महासतीजी दिसेनात, मधली पायरीही दिसेना. पुढची सर्व्हिस त्यानं अशी हाणली की मार्तंडची रॅकेट हातात फिरली. मार्तंडही मग हसला आणि खराखुरा खेळायला लागला. दुसरा सेट दीपचंदनं घेतला. पायऱ्या उठून उभ्या राहिल्या.

दिवस बुडायच्या आत पाणी पिऊन घ्या, असा निरोप भंवरीबाईनं तांब्याबरोबर पाठवला. त्यानं उभ्याउभ्या तांब्या रिकामा केला आणि तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं तर आठवेल, अशी भीती त्याला वाटली असावी.

तिसऱ्या सेटला तो पुढं होता. मावळतीचा उजेड उरला होता तेवढाच. आणि मग ती वेळ आली. एक चेंडू जिंकला की कप. मार्तंडच्या सर्व्हिसवर त्यानं चेंडू खोल परतवला. मार्तंडनं कोपऱ्यात मारला, तो धावला. दुसऱ्या कोपऱ्यात मारला, तो धावला. गुडघ्यातून कळ वर गेली, तिलाही त्यानं जुमानलं नाही. मार्तंड पुढं आलेला, उजवी बाजू रिकामी पडलेली. दीपचंदनं सगळं अंग त्या फटक्यात घातलं. चेंडू नेटच्या पट्टीला लागून वर उडाला, पट्टीवर क्षणभर डुगडुगला, आणि त्याच्याच बाजूला पडला.

तिथून पुढं त्याला सावरता आलं नाही. गुडघा बोलायला लागला आणि पोरगा तापला होता. थोड्या वेळानं गिरिधर वकिलांनी मार्तंडचं नाव पुकारलं. मार्तंडनं नेटपाशी येऊन दीपचंदच्या पायांना हात लावला. लोकांनी टाळ्या दोघांसाठीही वाजवल्या, आणि मग कप, मार्तंड आणि सगळी गर्दी स्टेशनकडे निघाली.

दीपचंद खालच्या पायरीवर टॉवेल खांद्यावर टाकून बसून राहिला. भंवरीबाई पायऱ्या उतरून आली. एकेक पायरी धरून धरून आली, आणि समोर येताच खाली वाकली. तिचे हात त्याच्या पायांकडे येताना बघून त्यानं पाय मागे घेतले.

"माझ्यापायी सोडलं तुम्ही," ती म्हणाली. तिचा चेहरा असा झाला होता की तसा त्यानं लग्नाच्या मांडवातही बघितला नव्हता. "माझं तप राखलं."

हो म्हणायला किती सोपं होतं. सगळं होतं त्यात. हरल्याचं दुःख झाकलं गेलं असतं, बायकोच्या डोळ्यांत तो देवमाणूस झाला असता, आणि तिच्या जिवाचा घोरही गेला असता. निम्मं तर खरंही होतं. दीपचंदनं टॉवेल तोंडावरून फिरवला. आज एकदा त्याच्या तोंडून भलतं निघता निघता राहिलं होतं, ते तिच्या येण्यानं. आता कुणी येणार नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "पहिला सेट सोडला, ते खरं हाय. मंग मला राग आला, अन् मंग मी जिंकायलाच खेळलो. त्या शेवटच्या चेंडूला जिंकायलाच धावलो. तुझं तप, तू सांगितलेलं, कायबी ध्यानात राह्यलं न्हाई माझ्या. जमलं न्हाई म्हणून हरलो."

भंवरीबाई तशीच वाकलेली राहिली, मग हळूच त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. तिनं पदर सारखा केला. मैदानाच्या पलीकडे पुंजाराम नेट सोडत होता. ती आता उठून जाईल, असं दीपचंदला वाटलं. वर्षभर उपाशी राहिलेल्या बाईला नवऱ्यानं हे ऐकवावं, आणि तिनं जाऊ नये तर काय करावं? पण ती उठली नाही.

"मी बी," ती म्हणाली.

"काय?"

"चेंडू जाळीवर थांबला ना वर, तव्हा. तप जातंय तर जाऊ दे म्हणलं. हात जोडले अन् पुन्हा मागितलं."

दीपचंदनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. सकाळपासून, किंबहुना कितीतरी दिवसांपासून, तो पहिल्यांदाच तिच्याकडे धड बघत होता.

"दोघांनी मागितलं," तो म्हणाला, "तरी न्हाई मिळालं."

"लई जोर लावून मागितलं हो मी," भंवरीबाई म्हणाली, आणि साऱ्या वर्षात पहिल्यांदा ती त्याच्यासमोर रडायला लागली.